ब्लॅक बॉक्स, गॅल्व्हानोमीटर आणि मी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विमान, रॉकेट आणि कॉम्प्युटर ही तीन खाती माझ्याकडे आहेत. पगार नाही, पण मान आहे. वय सतरा, बारावी सायन्स, विमानात बसण्याचा एकूण अनुभव शून्य तास शून्य मिनिटं. तरी बातमी आली की दहा मिनिटांत माझं मत तयार असतं. आम्ही नाशिकला राहतो. ओझरच्या बाजूने सुखोई गडगडत गेलं की आजी पाऊस आला समजून गच्चीवरचे पापड गोळा करायला निघते. मी तिला थांबवतो आणि जेट इंजिनाबद्दल दोन वाक्यं ऐकवतो. तिला इंजिनात काही रस नाही, पण नातू बोलतोय म्हणून ऐकून घेते.

मोठ्या काकांचा एक ठरलेला प्रश्न आहे. जगात कुठेही विमान पडलं की तो ग्रुपवर येतोच : "ब्लॅक बॉक्स ज्याचा बनवतात, त्याचंच अख्खं विमान का बनवत नाहीत?" खाली हनुवटीला हात लावलेला इमोजी. जगभरच्या इंजिनिअरांना हे सुचलंच नाही आणि एका निवृत्त बँक अधिकाऱ्याला आंघोळ करताना सुचलं, असा एकूण भाव.

एकदा मी उत्तर लिहिलं : "काका, तसं विमान बनेल, पण इतकं जड होईल की उडणार नाही. समृद्धी महामार्गावरून चालवावं लागेल आणि प्रत्येक नाक्यावर टोल भरावा लागेल. आणि समजा उडालं आणि पडलंच, तर काय होईल ते घरी करून बघा. स्टीलच्या डब्यात शेंगदाणे भरा आणि डबा गच्चीवरून टाका. डबा शाबूत राहतो. आत कूट होतं."

या उत्तराला अकरा अंगठे मिळाले. आजीने विचारलं, कूट कशाला करताय, एकादशी तर झाली.

अंगठ्यांची सवय लागते. आपल्याला कळतं ते आणि आपल्याला बोलता येतं ते, यातला फरक हळूहळू पुसट होत जातो. माझा कसा झाला ते सांगतो. पण आधी त्या डब्याची गोष्ट सांगायला हवी.

ब्लॅक बॉक्स काळा नसतो. ढिगाऱ्यात चटकन सापडावा म्हणून भडक नारिंगी असतो. हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो कुणाच्या डोक्यातून निघाला ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड वॉरनचे वडील १९३४ साली विमान अपघातात गेले. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. विमान समुद्रावर नाहीसं झालं. मोठेपणी वॉरन मेलबर्नच्या सरकारी वैमानिकी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ झाला. १९५३-५४ मध्ये कॉमेट नावाची नवीकोरी जेट विमानं पडू लागली आणि तज्ज्ञांना कारण सापडेना. वॉरनला वाटलं, कॉकपिटमधलं बोलणं आपोआप रेकॉर्ड होत राहिलं असतं तर निदान शेवटी काय झालं ते तरी कळलं असतं. त्याने तसं यंत्र करून दाखवलं. पोलादी तारेवर शेवटच्या चार तासांचं बोलणं राहायचं.

आणि ते कुणालाच नको होतं. पायलटांच्या संघटनेला वाटलं, आपल्या डोक्यावर हेर बसवतायत. हवाईदलाचं मत पडलं की यातून खुलाशापेक्षा शिव्याच जास्त ऐकू येतील. १९६० साली क्वीन्सलँडमध्ये मकाय गावाजवळ विमान पडलं, माणसं गेली आणि कारण पुन्हा सापडेना. त्यानंतर कुठे ऑस्ट्रेलियाने हे यंत्र सक्तीचं करायचं ठरवलं. तसं करणारा तो पहिला देश.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या पायलटांना हसलो होतो. काही लपवायचं नसेल तर घाबरायचं कशाला, असं माझं त्यावेळचं मत. दहा मिनिटांत तयार झालेलं.

*

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान उडाल्यावर मिनिटभरही हवेत राहिलं नाही. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, एकूण २६० जण गेले.

त्या दिवशी मोठ्या काकांनी प्रश्न टाकला नाही. शेंगदाण्यांचं कुणाला सुचलं नाही. पण मतं थांबली नाहीत, आणि सगळ्यात जास्त माझी थांबली नाहीत. दुपारी मी म्हणालो, पक्षी धडकले. संध्याकाळी म्हणालो, फ्लॅप्स चुकले. रात्री म्हणालो, दोन्ही इंजिनांची वीजच गेली. तिन्ही वेळा तितक्याच खात्रीने, आणि आधीचं मत चुकलं असं एकदाही न म्हणता.

जुलैत प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर काही सेकंदांत इंजिनांना इंधन देणारे दोन्ही स्विच एकामागोमाग एक बंद स्थितीत गेले, असं त्यात होतं. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये एक पायलट दुसऱ्याला विचारतो, बंद का केलंस. दुसरा म्हणतो, मी नाही केलं. कोण कुणाला म्हणालं ते अहवालात नव्हतं. स्विच तसे का गेले, तेही नव्हतं. तो अंतिम अहवाल नव्हताच.

पण मला काय कमी होतं? अर्ध्या तासात मी ग्रुपवर निकाल दिला. कुठल्या पायलटने केलं, का केलं, सगळं. एक मेलेला माणूस, जो उत्तर द्यायला येऊ शकत नाही, त्याच्यावर मी मेथीची भाजी निवडता निवडता २६० माणसांच्या मृत्यूचा आरोप ठेवला. नऊ अंगठे आले. बाबांचा नव्हता. त्यांनी एवढंच लिहिलं, "तुला कसं कळलं?"

मी लिहिलं, "लॉजिक."

*

ऑगस्टमध्ये आमचं फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं. मीटर ब्रिज. ज्यांनी सायन्स घेतलं नाही त्यांच्यासाठी : एक मीटर लांब तार असते. तिच्यावर जॉकी नावाची टोकदार वस्तू टेकवत टेकवत पुढे जायचं. गॅल्व्हानोमीटर नावाच्या यंत्राचा काटा शून्यावर आला की थांबायचं आणि तिथलं माप लिहायचं. वीज द्यायला बॅटरी एलिमिनेटर नावाचा पत्र्याचा डबा. त्यावर गोल नॉब, दोन व्होल्टपासून बारा व्होल्टपर्यंत. आम्हाला दोन व्होल्ट हवे होते.

पार्टनर जर्नल आणायला गेला होता. मी नॉब दोनवर नेला, जॉकी टेकवली. काटा सटकन एका टोकाला जाऊन आपटला, थरथरला आणि परत येऊन शून्यावर बसला. त्यानंतर तो हललाच नाही. तारेवर कुठेही जॉकी टेकवा, शून्य. एका अर्थाने ते आमच्या कॉलेजच्या इतिहासातलं सगळ्यात अचूक रीडिंग होतं.

मी नॉबकडे नीट पाहिलं. डबा जुना होता. वर्षानुवर्षं बोटं लागून आकड्यांचा रंग उडाला होता. बारातला एक पुसून गेला होता आणि नुसता दोन उरला होता. म्हणजे त्या नॉबभोवती दोन 'दोन' होते, एक खरा आणि एक बाराचा उरलेला. मी दुसऱ्यावर गेलो होतो. दोनच्या जागी बारा व्होल्ट.

इथे एखादा सरळ मुलगा सरांकडे गेला असता. मी आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मी तो गॅल्व्हानोमीटर उचलला, कपाटात मागच्या बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. नॉब खऱ्या दोनवर आणला. पार्टनर आला तेव्हा मी शिट्टी वाजवत होतो. शिट्टी मला नीट वाजवता येत नाही, यावरून त्याला संशय यायला हवा होता.

दोन दिवसांनी दुसऱ्या बॅचला तो मेलेला गॅल्व्हानोमीटर मिळाला. सरांनी सगळ्या बॅचेसना उभं केलं आणि विचारलं, "कोणी केलं?" कुणी बोललं नाही. सर म्हणाले, "कोणीच केलं नाही? मग याला जबाबदार कोण?" आणि ते लॅबच्या काकांकडे वळले. सामान देणं-घेणं काकांकडे असतं. "तुमचं लक्ष कुठे असतं हो? पोरं काय करतायत ते बघायचं नाही तर तुम्ही इथे कशाला आहात?" साठ मुलांसमोर. काका म्हणाले, "बघतो सर."

काका कंत्राटी आहेत. त्यांचं काम दर वर्षी नव्याने मंजूर व्हावं लागतं.

सप्टेंबर सुरू होताना दुसरा गॅल्व्हानोमीटर गेला. दुसरी बॅच, दुसरी मुलं, पण डबा तोच. या वेळी काकांकडून लेखी खुलासा मागितला गेला. तो खुलासा काय असणार? त्यांना काय झालं तेच माहीत नव्हतं. ते माहीत असलेला माणूस तिसऱ्या बाकावर बसून वहीच्या शेवटच्या पानावर राफेल काढत होता.

*

मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला मुलगा जे करतो तेच मी केलं. रात्री विमानांबद्दल वाचत बसलो. तिथे मला आल्फोन्स चॅपॅनिस भेटला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरायची आणि धावपट्टीवर पोटावर बसायची. पायलट उतरल्यावर फ्लॅप्स मिटायला जायचे आणि चुकून चाकंच मिटून टाकायचे. अहवालांत ठरलेली नोंद असायची : पायलटची चूक. चॅपॅनिस मानसशास्त्रज्ञ होता. १९४३ मध्ये त्याने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर दोन्ही स्विच शेजारी शेजारी आणि दिसायला अगदी सारखे. थकलेला, जीव वाचवून आलेला माणूस न बघता हात घालणार आणि कधीतरी चुकणारच. त्याने सुचवलेला उपाय आमच्या तंत्रनिकेतनातल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही जमला असता. चाकांच्या दांड्याला चाकासारखी मूठ, फ्लॅप्सच्या दांड्याला पंखासारखी. हाताला कळतं, डोळ्यांची गरज नाही. आजही प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याला चाकाच्या आकाराचीच मूठ असते.

हे वाचून मला इतका आनंद झाला की विचारू नका. चूक माझी नाहीच! डिझाइनची आहे! बारातला एक ज्याने पुसू दिला त्याची आहे! मी निर्दोष सुटलो आणि दूध पिऊन झोपायला गेलो.

झोप आली नाही. कारण चॅपॅनिसच्या गोष्टीतला एक भाग मी सोयीने वगळला होता. पोटावर बसलेलं विमान धावपट्टीवर सगळ्यांना दिसत होतं. ते पायलटला कपाटात मागच्या बाजूला ठेवता येत नव्हतं. म्हणून कुणीतरी कॉकपिटमध्ये जाऊन स्विच बघितले. माझा स्विच बघायला कुणी येणार नव्हतं. तो पुसलेला एक अख्ख्या कॉलेजात एकट्या मला माहीत होता, आणि मी गप्प असेपर्यंत तो तसाच पुढच्या मुलाची वाट बघत बसणार होता.

मग वाचत गेलो. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत टीडब्ल्यूए कंपनीचं विमान वॉशिंग्टनजवळच्या विमानतळाकडे उतरताना डोंगरावर आदळलं. ९२ जण गेले. नियंत्रकाचं म्हणणं आणि नकाशा यांचा अर्थ पायलटांनी एक लावला होता आणि नियंत्रकांनी दुसरा. चौकशीत निघालं की काही आठवडे आधी युनायटेड कंपनीचं विमान त्याच वाटेवर, त्याच गैरसमजातून, थोडक्यात वाचलं होतं. त्या पायलटांनी आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीने आपल्या पायलटांना सावध केलं. पण ते बाहेर, दुसऱ्या कंपनीपर्यंत पोचलंच नाही.

त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेने एक गमतीदार व्यवस्था केली. पायलटने, नियंत्रकाने, कुणीही आपली चूक लिहून पाठवायची, पण शिक्षा करू शकणाऱ्या विमान खात्याकडे नाही, तर नासाकडे. नासा कुणाचं लायसन्स काढून घेऊ शकत नाही. अर्जावरची नावाची पट्टी फाडून ज्याची त्याला परत पाठवतात. चूक मुद्दाम केलेली नसेल, गुन्हा नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळवली असेल, तर खातं दंड करत नाही. आजवर वीस लाखांच्या वर कबुलीजबाब जमलेत. जगातल्या कुठल्याही चर्चच्या पाद्र्याला हेवा वाटावा असा आकडा.

आंतरराष्ट्रीय नियमही तेच सांगतो. अपघाताच्या तपासाचा हेतू एकच, पुढचा अपघात टाळणं. दोष वाटणं हा त्या तपासाचा हेतू नाही. त्यासाठी कोर्ट आहे, ते वेगळं.

कॉम्प्युटरवाल्यांनी हे उशिरा का होईना उचललं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीतल्या एका थकलेल्या इंजिनिअरने रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पाचही धड चालत नव्हत्या. सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने दुरुस्ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली, मग सगळं सविस्तर लिहून काढलं आणि इंजिनिअरचा उल्लेख केला 'टीम मेंबर १' असा. त्याला काढून टाकलं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका चुकलेल्या अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले आणि आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास चक्क पेनाने लिहून दिले. माझ्या आजीच्या मते तो भारतीय विमानसेवेतला एकमेव वाचता येणारा बोर्डिंग पास होता. पुढच्या महिन्यात हॅकर लोकांनी 'सगळ्यात मोठी फजिती' म्हणून त्या कंपनीला चेष्टेचा पुरस्कार दिला, तर कंपनीचे अध्यक्ष स्वतः स्टेजवर जाऊन तो घेऊन आले.

आता आमच्याकडे बघा. आमचे सर युनिट लिहिलं नाही तर अर्धा मार्क कापतात आणि ते बरोबरच आहे. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या विमानात इंधन किलोऐवजी पौंडांत मोजलं गेलं, म्हणजे हवं त्याच्या निम्म्याहून कमी भरलं गेलं, आणि आकाशात दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टनला ग्लायडर उडवता यायचं. त्याने ते अजस्र विमान नुसतं तरंगत नेऊन गिमली नावाच्या गावात जुन्या हवाईतळावर उतरवलं, जिथे त्या दिवशी गाड्यांच्या शर्यती चालू होत्या. कुणी दगावलं नाही. कंपनीने आधी पायलटांना शिक्षा केली. चौकशीत प्रशिक्षण आणि पद्धतींच्या त्रुटी निघाल्या. १९८५ मध्ये त्याच पायलटांना आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाने उत्कृष्ट वैमानिकीसाठी गौरवलं. अर्धा मार्क कापणं आणि मेडल देणं, दोन्ही एकाच उड्डाणासाठी.

*

इथपर्यंत सोपं आहे. माणसं चुकणारच, शिक्षेची भीती काढा, लोक खरं सांगतील, जग सुरक्षित होईल. मी असा एक मोठा मेसेज लिहूनही ठेवला होता. पण मग मला ७३७ मॅक्स आठवलं.

ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात आणि मार्च २०१९ ला इथिओपियात बोइंगचं तेच मॉडेल पडलं. ३४६ माणसं गेली. विमानात एमकॅस नावाची यंत्रणा होती, जी एका सेन्सरच्या भरवशावर आपणहून नाक खाली दाबायची. पायलटांना दिलेल्या पुस्तकात तिचा उल्लेखच नव्हता. पहिल्या अपघातानंतर बोटं पायलटांकडे वळली होती. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी समझोता करताना बोइंगने मान्य केलं की तिच्या माणसांनी या यंत्रणेबद्दल विमान खात्याची फसवणूक केली होती.

त्या ३४६ जणांच्या घरच्यांना जाऊन सांगा बघू की दोष कुणाचा हे विचारू नका, सिस्टिमकडे बघा. मला नाही सांगता येणार. काहींना दोष द्यायलाच हवा.

आणि 'सिस्टिम' हा शब्द लपायला फार सोयीचा असतो. कॅनडात एका प्रवाशाला विमान कंपनीच्या चॅटबॉटने सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. त्याने पैसे मागितले, तर कंपनीने लवादासमोर म्हणे सांगितलं की चॅटबॉट ही स्वतंत्र गोष्ट आहे, तो स्वतःच्या कृत्यांना स्वतः जबाबदार आहे. २०२४ मध्ये लवादाने हे अर्थातच फेटाळलं. मी ही बातमी ग्रुपवर टाकली होती आणि पोट धरून हसलो होतो. उद्या आमचे काका म्हणतील, कर्ज मी नाही, माझ्या पेनाने मंजूर केलं. नंतर लक्षात आलं की 'चूक नॉबची आहे' हे माझं वाक्य आणि 'चूक चॅटबॉटची आहे' हे त्यांचं वाक्य सख्खी भावंडं आहेत.

मग फरक कुठे करायचा? मी बरेच दिवस हे घोळवत होतो आणि उत्तर मला चक्क मराठीच्या वहीत मिळालं. जबाबदार. आपण हा शब्द 'दोषी'च्या अर्थाने वापरतो. टीव्हीवर लाल पट्टी येते, 'जबाबदार कोण?', आणि तिचा अर्थ असतो, कुणाला धरायचं? पण शब्द फोडून बघा. जबाब म्हणजे उत्तर. जबाबदार म्हणजे ज्याच्याकडे उत्तर आहे तो, ज्याने उत्तर द्यायचं आहे तो. त्या अर्थाने ब्लॅक बॉक्स हा विमानातला सगळ्यात जबाबदार प्रवासी आहे. दोष त्याचा नाही, पण जबाब तो देतो, आणि तो देता यावा म्हणून नारिंगी रंग लावून बसतो.

हे दोन अर्थ वेगळे केले की बरंच काही नीट दिसतं. बी-१७ चा पायलट दोषी नव्हता. युनायटेडचे ते पायलट दोषी नव्हते, पण जबाबदार होते, त्यांनी सांगितलं. मॅक्सच्या बाबतीत राग येतो तो यंत्रणा चुकली म्हणून कमी आणि ती माहीत असणाऱ्यांनी सांगितली नाही म्हणून जास्त. चूक होणं माणसाच्या हातात पूर्ण नसतं. जबाब देणं असतं. म्हणून चुकीला शक्य तितकी माफी असावी आणि लपवण्याला नसावी. दोन्हीला सारखीच शिक्षा मिळत असेल, तर शहाणा माणूस लपवणारच, कारण त्यात निदान सुटण्याची शक्यता असते.

हा नियम मला फार आवडला. मग तो स्वतःला लावून पाहिला. नॉब चुकीचा फिरवला, तिथे मी चुकलो होतो. कपाटात मागच्या बाजूला गॅल्व्हानोमीटर ठेवला, तिथे मी चुकलो नव्हतो. तिथे मी अगदी व्यवस्थित, विचार करून वागलो होतो. आणि दुसरा गॅल्व्हानोमीटर मी जाळला नव्हता, पण जाळू दिला होता. त्या ऑस्ट्रेलियन पायलटांना मी हसलो होतो ना, काही लपवायचं नसेल तर घाबरायचं कशाला? माझ्या बाकावर एक मायक्रोफोन असता तर मी आधी त्याची वायर कापली असती.

*

मी सरांना सांगितलं. शूरपणे वगैरे नाही. तीन दिवस स्टाफ रूमच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. चौथ्या दिवशी सरच बाहेर आले आणि म्हणाले, "काय रे, रोज इथे काय करतोस?" मग सांगावंच लागलं.

सर ऐकून घेतील, डोळे पुसतील आणि पाठ थोपटतील, असं मी काही गोष्टींमध्ये वाचलं होतं. सर चिडले. दोन आठवडे काकांचा खुलासा त्यांच्या टेबलावर पडून होता आणि त्यावर शेरा मारायचा होता, त्याचाही तो राग असावा. पहिल्या गॅल्व्हानोमीटरचे पैसे मला भरावे लागले. दुसऱ्याचे अर्धे मी आपणहून देतो म्हणालो. बाबांनी दिले आणि माझ्या क्लासच्या नाश्त्याच्या पैशांतून कापायला सुरुवात केली. डिसेंबरपर्यंत माझ्या आयुष्यात वडापाव नाही. मात्र सरांनी एक गोष्ट केली. त्यांनी तो डबा मागवला, चष्मा वर करून नॉब पाहिला आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मला गेल्याच वर्षी दिसायला हवं होतं."

काकांना सांगणं जास्त कठीण गेलं. मी म्हणालो, "काका, माझ्यामुळे तुम्हाला बोलणी बसली. सॉरी." ते बीकर पुसत होते. पुसत राहिले. मग म्हणाले, "आता सांगून काय? माझा कागद तर गेला ना वर." सरांनी तो कागद परत मागवलाय हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि मला तसं मागायचाही अधिकार वाटला नाही. माझ्या कबुलीने काकांची साठ मुलांसमोरची ती पाच मिनिटं परत येत नाहीत. जबाब उशिरा दिला की तो खराच राहतो, पण त्याचा उपयोग कमी होतो.

पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकलला गेलो तेव्हा सगळ्या एलिमिनेटरवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा होता आणि त्यावर काकांच्या अक्षरात, मार्करने, ठसठशीत बारा. आमच्या लॅबमध्ये असे अकरा डबे आहेत. त्यातल्या चारांचा एक पुसला होता.

घरी येऊन मी ग्रुप उघडला आणि जुलैपर्यंत वर गेलो. माझा तो निकाल तिथेच होता, नऊ अंगठ्यांसह. सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत कधीच संपली होती. मग त्यालाच उत्तर म्हणून लिहिलं : "हे मला माहीत नव्हतं. मी उगाच लिहिलं. अंतिम अहवाल येईपर्यंत मला काहीही माहीत नाही."

या मेसेजला एकही अंगठा आला नाही. आजीने हात जोडलेला नमस्कार पाठवला, पण ती सगळ्यालाच तो पाठवते. बाबा घरातच होते, त्यांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. जेवताना मला एक पोळी जास्त वाढली. आणि रात्री साडेदहाला मोठ्या काकांचा मेसेज आला. त्यांना बरेच दिवस एक विचारायचं होतं. ब्लॅक बॉक्स ज्याचा बनवतात, त्याचंच अख्खं विमान का बनवत नाहीत?